शालेय ग्रंथपाल : अनुभवाची कसोटी आणि दर्जाचा प्रश्न

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत गाझियाबाद येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मंडळाने आम्हांस पाचारण केले, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. अशा प्रसंगी संतवाङ्मय, शिवकाल, मराठी रंगभूमी किंवा बृहन्महाराष्ट्रातील मराठीचे भवितव्य यांपैकी एखादा विषय निवडण्याची प्रथा आहे. आम्ही मात्र वरकरणी रुक्ष, किंबहुना कचेरीतील फाइलीतच शोभावा असा विषय निवडला आहे. शाळेच्या ग्रंथालयात दहा, पंधरा, वीस वर्षे इमानेइतबारे काम करणाऱ्या ग्रंथपालाची योग्यता कोणी व कोणत्या कसोटीवर ठरवावी, आणि ती ठरल्यावर त्याच्या पदरात काय पडावे, हा तो विषय होय.

या विषयाचा आपल्या मंडळाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. आपण मंडळी वैशाली, वसुंधरा, इंदिरापुरम, राजनगर अशा वसाहतींतून विखुरलेली आहोत. कोणी साहिबाबादच्या कारखान्यांत, कोणी हिंडनच्या वायुदलाच्या तळावर, कोणी रोज यमुना ओलांडून दिल्लीच्या मंत्रालयांत जातो. आपल्या मुलांचे आजोळ दूर राहिले, गावचे वाचनालय दूर राहिले. घरात मराठी पुस्तकांचे एक कपाट असते आणि मंडळाच्या खोलीत दुसरे. बाकी सारा वेळ मूल शाळेत असते, आणि पाठ्यपुस्तकाबाहेरचे पुस्तक त्याच्या हाती देण्याचे काम ज्याच्या नेमणूकपत्रात लिहिलेले असते असा शाळेतील एकच मनुष्य म्हणजे ग्रंथपाल. शिवाय मंडळाच्या सभासद-कुटुंबांतील काही भगिनी याच पेशात आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. आम्ही ग्रंथालयशास्त्राचे पंडित नव्हे. कलाशाखेची बी. ए. पदवी आणि केंद्र सरकारच्या सेवेतील अनुभव एवढीच आमची शिदोरी. परंतु सेवानियम, वेतनश्रेणी, ज्येष्ठता-सूची आणि बढती यांच्याशी आमचा नित्याचा संबंध आला, आणि त्या दृष्टीतून या प्रश्नाकडे पाहिले असता जे दिसले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

ग्रंथपाल नेमके करतो काय?

पुस्तकांची राखण करणारा तो ग्रंथपाल, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. पुस्तक आले की दाखल नोंदवहीत चढवावे, क्रमांक घालावा, शिक्का मारावा, मागणाऱ्यास द्यावे आणि परत घ्यावे. एवढेच काम असते तर त्यासाठी पदवी नको होती आणि अनुभवालाही मोल नव्हते. पण शाळेतील ग्रंथपालाचा खरा व्यवहार पुस्तकांशी अर्धा आणि मुलांशी अर्धा असतो. कोणते पुस्तक, कोणत्या मुलाच्या हाती, कोणत्या वेळी द्यावे, हे कोणत्याही सूचीत लिहिलेले नसते. ते वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाने कळते.

आमच्या परिचयातील एका ग्रंथपालबाईंचे उदाहरण देतो. त्या याच शहरातील एका शाळेत बावीस वर्षे काम करीत आहेत. एके वर्षी सोलापूरकडून बदली होऊन आलेल्या एका गृहस्थांचा मुलगा ऐन सत्राच्या मध्यात सातवीत दाखल झाला. त्याला हिंदी नीट वाचता येईना, इंग्रजीची धास्ती, म्हणून तो वर्गात तोंड मिटून बसे. मुलगा मंद आहे, असा वर्गशिक्षकांचा ग्रह झाला. बाईंनी ग्रंथालयाच्या तासाला त्याला आधी चित्रांची, मग थोड्या मजकुराची हिंदी पुस्तके दिली. शाळेत मराठी पुस्तक एकही नव्हते, म्हणून ओळखीच्या घरांतून चार-पाच मागवून आणली. एक गोष्ट त्याने मराठीत वाचावी आणि वर्गमित्रांना हिंदीत सांगावी, असा क्रम त्यांनी ठेवला. वर्षअखेरीस तो मुलगा सर्वांसमक्ष उभा राहून हिंदीतून बोलला. हे काम अध्यापनाचे नव्हे असे कोण म्हणेल? पण बाईंच्या सेवापुस्तकात या बावीस वर्षांची नोंद पहिल्या वर्षी होती तीच आहे : 'लायब्ररियन'. काल नेमणूक झालेल्या उमेदवाराचे आणि त्यांचे पदनाम एक, काम कागदोपत्री एक, आणि गैरहजर शिक्षकाच्या तासावर जाऊन बसण्याची पाळीही एकच.

आणखी एक उदाहरण आम्ही आमच्या क्षेत्रातून देतो. शाळांच्या ग्रंथालयांतील कपाटे बहुधा कुलूपबंद असतात, ही सर्वांची तक्रार आहे. ग्रंथपाल दुष्ट असतो म्हणून कुलूप लागत नाही. पुस्तक हरवले तर पगारातून कापले जाईल, या भयाने ते लागते. वस्तुतः केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीतील नियम २१५ मध्ये, याची सोय केलेली आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या वा त्यांनी हाताळलेल्या दर १००० ग्रंथांमागे ५ ग्रंथांची हानी, त्यात अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसेल तर, वाजवी मानावी असे तेथे म्हटले आहे. १००० रुपयांहून अधिक किमतीचा ग्रंथ किंवा दुर्मीळ ग्रंथ गहाळ झाला तर मात्र चौकशी अनिवार्य आहे. २०,००० पर्यंत ग्रंथ असलेल्या संग्रहाची पडताळणी दरवर्षी करावी, असेही तेथे सांगितले आहे. हा नियम सरकारी संस्थांचा असला तरी त्यातील शहाणपण कोणत्याही शाळेने घेण्याजोगे आहे. अनुभवी ग्रंथपालास हे ठाऊक असते. तो व्यवस्थापनापुढे नियम ठेवतो, पडताळणी चोख करतो आणि कपाटे उघडी ठेवतो. नवखा भितो आणि किल्ली खिशात ठेवतो. अनुभवाचे मोल काय, असे विचारणाऱ्यास आमचे उत्तर हेच की, उघडे कपाट आणि बंद कपाट यांत जे अंतर आहे तेवढे.

बडोद्याचा वारसा

या पेशाला शास्त्राची बैठक देण्याचे श्रेय एका मराठी नरेशाकडे जाते, याचा आपणांस सार्थ अभिमान वाटावा. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले आणि गुजराती प्रजेवर राज्य करणारे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. परंतु शाळा सोडलेल्या मुलास वाचावयास काही मिळाले नाही तर शिकलेली अक्षरे पुसली जातात, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने ओळखले. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बोर्डन या ग्रंथालय-तज्ज्ञास बडोद्यास आणले. गावोगाव वाचनालये निघाली, पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरू लागल्या, आणि १९११ साली ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. भारतातील अशा प्रकारचा तो आद्य वर्ग होय. १९१२ पासून तेथून इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयविषयक नियतकालिकही निघू लागले. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ती चळवळ नेटाने पुढे चालविली. ग्रंथपालाने शिकून यावे, त्याच्या कामाला शास्त्र आहे, हा विचार या देशात प्रथम रुजला तो असा.

पुढे मद्रासला शियाळी रामामृत रंगनाथन यांनी त्या विचाराचा कळस चढविला. मूळचे गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची प्रसिद्ध पाच सूत्रे मांडली. ग्रंथ जपून ठेवण्यापेक्षा वापरला जाण्यात त्याचे सार्थक आहे, आणि प्रत्येक वाचकाची व त्याला साजेशा ग्रंथाची गाठ घालून देणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे, हा त्या सूत्रांचा गाभा. शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर त्यांनी १९४२ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९४७ नंतरची काही वर्षे ते दिल्ली विद्यापीठात होते. म्हणजे ही ज्ञानगंगा आपल्या दारावरूनच वाहत गेली आहे. १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

स्वातंत्र्यानंतर लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५२-५३ साली शालेय ग्रंथालयांची पाहणी केली. बहुसंख्य शाळांत ग्रंथालय म्हणण्याजोगे काही नाही, जुनाट पुस्तके अडगळीच्या खोलीत कपाटबंद आहेत आणि ती एखाद्या कारकुनाच्या वा अनुत्सुक शिक्षकाच्या स्वाधीन आहेत, अशा आशयाचे कठोर चित्र त्या आयोगाने रेखाटले. पूर्ण वेळ काम करणारा प्रशिक्षित ग्रंथपाल नेमावा आणि त्याचे वेतन व प्रतिष्ठा ज्येष्ठ शिक्षकांच्या बरोबरीची असावी, अशी शिफारसही केली. या शिफारशीस सत्तर वर्षे होऊन गेली. तिचे पुढे काय झाले, ते आता पाहू.

दार आहे, जिना नाही

प्रथम महाराष्ट्राकडे वळू. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून अंमलात आला. गावोगावच्या वाचनालयांना त्याने अनुदानाचा आधार दिला. परंतु तो कायदा सार्वजनिक ग्रंथालयांचा आहे, शाळांचा नव्हे. खाजगी शाळांतील सेवकांसाठी १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आली. तिच्यामुळे नोकरीस स्थैर्य आले, ही मोठीच गोष्ट झाली. मात्र शालेय ग्रंथपालाची गणना तेथे शिक्षकेतर सेवकांत होते, आणि विद्यार्थिसंख्या कमी असेल तेथे 'अर्धवेळ ग्रंथपाल' असतो. अर्धवेळ हा शब्दच पुरेसा बोलका आहे. शाळेतील मुले पूर्ण वेळ, पुस्तके पूर्ण वेळ, ग्रंथपाल तेवढा अर्धा! अर्धवेळांना पूर्णवेळ करावे, ही तेथील ग्रंथपालांची कित्येक वर्षांची मागणी होती.

केंद्रीय विद्यालयांची स्थिती यापेक्षा बरी आहे. तेथे ग्रंथपालास ग्रंथालयशास्त्राची पदवी, अथवा पदवीनंतरची एक वर्षाची पदविका, लागते. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे वेतन पदवीधर शिक्षकाच्या बरोबरीने सातव्या स्तरावर आहे. २०१२ साली संघटनेने ग्रंथालयांसाठी स्वतंत्र धोरणही आखले. मुदलियार आयोगाची समानतेची कल्पना येथे बऱ्याच अंशी उतरली, असे म्हणावयास हरकत नाही.

गाझियाबादेतील बहुतेक खाजगी शाळा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न आहेत. त्या मंडळाच्या २०१८ च्या संलग्नता-नियमांत ग्रंथालयाची खोली १४ मीटर लांब व ८ मीटर रुंद असावी, विद्यार्थ्यामागे पाठ्यपुस्तकांखेरीज किमान ५ पुस्तके असावीत, प्रारंभी एकूण संख्या १५०० हून कमी नसावी, असे तपशीलवार सांगितले आहे. खोली मोजली, पुस्तके मोजली. त्या खोलीत बसणाऱ्या मनुष्याच्या गुणवत्तेची वाढ मोजण्याची सोय मात्र कोठेही नाही. २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, वृत्तपत्रे, नियतकालिके व पुस्तके असावीत, असे आहे. सहावी ते आठवीसाठी, मुले १०० हून अधिक असतील तर, कला, आरोग्य व कार्यशिक्षण यांचे अर्धवेळ शिक्षकही त्यात सांगितले आहेत. ग्रंथपाल हा शब्द तेथे नाही.

आता महाविद्यालयांकडे पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक ग्रंथपाल दहाव्या स्तरावर प्रवेश करतो. पीएच. डी. असल्यास ४, एम. फिल. असल्यास ५, अन्यथा ६ वर्षांनी, ठरलेली प्रशिक्षणे पुरी करून तो अकराव्या स्तरावर जातो, आणि पुढे बाराव्या व तेरा-अ स्तरापर्यंत त्याचा मार्ग आखलेला आहे. केंद्र सरकारच्या खात्यांतील ग्रंथालयांतही सहायक, सहायक ग्रंथालय व माहिती अधिकारी, ग्रंथालय व माहिती अधिकारी अशा पायऱ्या आहेत. शाळेतील ग्रंथपाल तेवढा एकाकी. त्याच्या वर पद नाही, खाली पद नाही, शेजारी कोणी समव्यवसायी नाही. प्रवेशाचे दार नियमांनी उत्तम बांधले आहे. आत गेल्यावर वर चढण्यास जिना नाही.

येथे आमच्या सेवेतील कोणी मित्र म्हणतील की, २००८ पासून सुधारित सुनिश्चित प्रगती योजना आहे, तीत १०, २० व ३० वर्षांनी वेतनस्तर वाढतो, मग तक्रार कशाची? त्या योजनेचे उपकार आम्ही स्वतः जाणतो. परंतु तिचा हेतू कुंठित झालेल्या सेवकास दिलासा देण्याचा आहे. ती मुख्यतः वर्षे मोजते. वीस वर्षे कपाटाला कुलूप लावणारा आणि वीस वर्षे ते उघडे ठेवणारा, दोघेही तिला बहुधा सारखेच. आणि खाजगी शाळांतील बहुसंख्य ग्रंथपालांना तर एवढाही दिलासा नाही.

अमेरिकेतील एक प्रयोग

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेने शोधले आहे. तेथे १९८७ साली अध्यापन-मानकांसाठी एक राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. हे मंडळ सरकारी नव्हे. शिक्षकाला नोकरीत प्रवेश देणारा परवाना तेथील राज्य सरकार देते. हे मंडळ त्यापुढची गोष्ट करते. अनुभवी शिक्षकाचे काम खरोखरच उच्च प्रतीचे आहे काय, याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी या मंडळाने शालेय ग्रंथपालांसाठी स्वतंत्र मानके केली. वय वर्षे ३ ते १८ व त्यापुढील विद्यार्थ्यांचा ग्रंथपाल त्यांत अभिप्रेत आहे.

त्या परीक्षेची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. उमेदवार पदवीधर असावा, राज्याचा परवाना त्याच्याजवळ असावा आणि किमान ३ वर्षे त्याने ग्रंथपाल म्हणून काम केलेले असावे. परीक्षेचे चार भाग असतात. पहिला विषयज्ञानाचा, संगणकावर देण्याचा. दुसऱ्यात वेगवेगळ्या कुवतीच्या मुलांना त्याने वेगवेगळ्या रीतीने कसे शिकविले, याचे मुलांच्या कामासह पुरावे द्यावयाचे. तिसऱ्यात प्रत्यक्ष तासाचे चलच्चित्रण आणि त्यावर स्वतःचे विवेचन. चौथ्यात विद्यार्थ्यांविषयीची माहिती कशी मिळविली व वापरली, सहकाऱ्यांशी आणि पालकांशी सहकार्य कसे केले, हे दाखवावयाचे. एखादे वर्ष किंवा काही वर्षे घेऊनही हे पुरे करता येते. प्रमाणपत्र पूर्वी १० वर्षांसाठी असे, आता ते ५ वर्षांनी नव्याने राखावे लागते. सर्व विषयांचे मिळून एक लाखाहून अधिक शिक्षक आजवर असे प्रमाणित झाले आहेत. काही राज्ये त्यांना अधिक वेतन देतात. नॉर्थ कॅरोलायनात ही वाढ १२ टक्के आहे.

या प्रयोगाचे आम्हांस आवडलेले तत्त्व असे की, तेथे 'तुम्ही काय शिकलात' यापेक्षा 'तुमच्यामुळे मुले काय शिकली' हे विचारले जाते. मात्र दोषही डोळ्यांआड करू नयेत. चार भागांचे शुल्क १९०० डॉलर आहे, आणि राज्याने वा शाळेने भार उचलला नाही तर ते सामान्य शिक्षकास जड जाते. शिवाय इतकी उत्तम मानके असूनही, खर्चात काटछाट करावयाची वेळ आली तेव्हा तेथील कित्येक जिल्ह्यांनी प्रथम शालेय ग्रंथपालांचीच पदे कमी केली. तात्पर्य, प्रमाणपत्र मनुष्यास मान देते, पद राखण्याची हमी देत नाही. पद राखावयाचे तर नियम हवा आणि त्या नियमामागे जागरूक पालकवर्ग हवा.

आपल्याकडे काय व्हावे?

२९ जुलै २०२० रोजी संमत झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ग्रंथालयांना पुरेसे सेवक असावेत, त्यांच्यासाठी बढतीचे योग्य मार्ग आखावेत आणि त्यांच्या अखंड व्यावसायिक शिक्षणाची सोय व्हावी, असे म्हटलेले आहे. हे वाक्य प्रौढशिक्षणाच्या प्रकरणात असले तरी त्याचा रोख शाळांसह सर्व ग्रंथालयांकडे आहे. त्याच धोरणानुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने शिक्षकांची व्यावसायिक मानके तयार केली आणि २०२३ साली ती मार्गदर्शक म्हणून प्रसिद्ध झाली. मग शालेय ग्रंथपालांसाठी तशीच मानके का होऊ नयेत? त्यांचे स्वरूप कसे असावे, यासंबंधी आमच्या अल्पमतीप्रमाणे काही सूचना करतो.

पहिली सूचना अशी की, ही कसोटी ऐच्छिक असावी आणि किमान पाच वर्षे शाळेत काम केलेल्यांसाठीच असावी. प्रवेशाच्या परीक्षेशी तिची गल्लत होता कामा नये.

दुसरी, तीत लेखी परीक्षेस थोडे व प्रत्यक्ष कामास अधिक गुण असावेत. एका वर्गाची वर्षभराची वाचन-नोंद, परीक्षकांनी स्वतः बसून पाहिलेला ग्रंथालयाचा तास, कोणती पुस्तके घेतली व कोणती काढून टाकली आणि का, याची टिपणी, आणि शिक्षक-पालकांना केलेल्या साह्याचा तपशील, या चार गोष्टी पुरे आहेत. यांतील एकही गोष्ट पाठांतराने साधत नाही.

तिसरी, परीक्षकांत निम्म्याहून अधिक जण प्रत्यक्ष शाळेत काम केलेले अनुभवी ग्रंथपाल असावेत. केवळ अधिकारी व प्राध्यापक यांच्या हाती ही कसोटी गेली तर ती आणखी एक विभागीय परीक्षा होऊन बसेल.

चौथी, कसोटीस उतरणाऱ्यास 'वरिष्ठ ग्रंथपाल' आणि पुढे 'मार्गदर्शक ग्रंथपाल' अशी पदनामे व त्यांसोबत वेतनवाढ मिळावी. मार्गदर्शक ग्रंथपालाने आसपासच्या, जेथे ग्रंथपालच नाही अशा शाळांना महिन्यातून काही दिवस द्यावेत. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना त्यांच्या श्रेणीनुसार वर्षाला ५००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय-अनुदानाची तरतूद आहे. त्यातून पुस्तके येतात, पण ती निवडण्यास व मुलांपर्यंत नेण्यास जाणता मनुष्य नसतो. एकाकी पदाला अशी शाखा फुटली तर ग्रंथपालाचेही कल्याण होईल आणि त्या मुलांचेही.

पाचवी व सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, मानके ग्रंथपालास लावण्यापूर्वी शाळेस लावावीत. आठवड्यातून प्रत्येक वर्गास ग्रंथालयाचा तास मिळतो काय? त्या तासाला ग्रंथपाल ग्रंथालयातच असतो, की बदलीच्या तासावर, शुल्काच्या खिडकीवर वा बसच्या रांगेवर असतो? ज्यास काम करावयास वेळच दिला नाही, त्याच्या कामाची परीक्षा घेणे हा अन्याय होय.

आक्षेप आणि उत्तरे

या योजनेवर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, प्रमाणपत्र म्हटले की त्याची दुकाने निघतात. भीती खरी आहे. पण दुकान निघते ते घोकंपट्टीच्या परीक्षेचे. समोर बसून पाहिलेला तास आणि वर्षभराची नोंद यांचे मार्गदर्शक-पुस्तक बाजारात विकता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, खाजगी शाळा प्रमाणित ग्रंथपालास महाग म्हणून नाकारतील. यावर उपाय आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने संलग्न शाळांना शिक्षकसंख्या, इमारत, सोयी इत्यादींची माहिती जाहीर करणे बंधनकारक केले आहे. त्याच तक्त्यात ग्रंथपालाची अर्हता, अनुभव व श्रेणी यांचा एक रकाना वाढवावा. पोहण्याचा तलाव आहे काय, हे पाहून शाळा निवडणारे पालक तो रकानाही पाहू लागतील, आणि पालक जे पाहतात त्यावर शाळा खर्च करतात.

तिसरा आक्षेप नव्या जमान्याचा आहे. आता पुस्तके दूरध्वनीच्या पडद्यावर आली, २०२३ च्या अर्थसंकल्पात मुलांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणाही झाली, मग ग्रंथपाल हवा कशाला? आम्हांस वाटते, नेमक्या याच कारणासाठी तो अधिक हवा. पूर्वी पुस्तके दुर्मीळ होती तेव्हा ती मिळवून देणारा हवा होता. आता मजकुराचा महापूर आला आहे, तेव्हा त्यातील पिण्याजोगे पाणी कोणते, हे सांगणारा हवा. खरे-खोटे, प्रौढ-बाल, उत्तम-हीन यांचा विवेक मुलास कोणी तरी शिकविला पाहिजे, आणि ते सामर्थ्य केवळ पदवीने येत नाही.

मंडळाचे कर्तव्य

सरकारने काय करावे हे सांगणे सोपे आहे. आपण काय करू शकतो, हे सांगून आमचे भाषण आवरते घेतो. आपल्यांतील प्रत्येक पालकाने शाळेच्या पालकसभेत मुलाच्या गुणांबरोबरच ग्रंथालयाच्या तासाचीही चौकशी करावी. मंडळाने दरवर्षी १२ ऑगस्टच्या सुमारास या शहरातील एका अनुभवी शालेय ग्रंथपालाचा, मग तो कोणत्याही भाषेचा असो, सत्कार करावा. त्यासाठी वर सांगितलेल्या चार कसोट्याच लावून पाहाव्यात. सरकारच्या कसोटीस वेळ लागला तरी आपली लहानशी कसोटी आपण आजच सुरू करू शकतो. ज्या शाळांत मराठी मुले आहेत तेथे मंडळाने मराठी बालपुस्तकांचे एक फडताळ भेट द्यावे, आणि ते नुसते मुख्याध्यापकांच्या हाती न देता ग्रंथपालाच्या हाती, त्याच्याशी दोन शब्द बोलून द्यावे. आपल्या मंडळाच्या कपाटाची व्यवस्थाही पेशातील भगिनींच्या सल्ल्याने नव्याने लावावी. त्यांच्या ज्ञानाचा पहिला मान आपण आपल्या घरीच राखला पाहिजे.

सयाजीरावांनी परमुलखात राहून परभाषक प्रजेसाठी ग्रंथालये उभारली आणि ती चालविणारी माणसे घडविण्यासाठी वर्ग काढला. इमारत आणि पुस्तके यांबरोबर माणूसही घडवावा लागतो, हे त्यांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उमगले होते. आपणही परमुलखात राहतो. मंडळाची पन्नास वर्षे नाटके, गणेशोत्सव आणि हळदीकुंकू यांनी शोभिवंत झाली. पुढील पन्नास वर्षांत आपल्या मुलांच्या हाती पुस्तक देणाऱ्या हातांचीही थोडी कदर व्हावी, एवढीच आमची विनंती आहे.